धसक्यावरचा इलाज

'त्याने धसका घेतला,' असं आपण सहज म्हणतो. डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात, त्याच्या अगदी जवळ जाणारा हा शब्द आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत हा आजार 1980 साली आला. धसका आपल्या बोलण्यात त्याच्या फार आधीपासून आहे.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकाचा फवारा मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. समजा, अशा प्रसंगातून एक मजूर वाचला. अंगातलं विष उतरलं, पण शेजारच्या वावरातून औषधाचा वास आला की त्याची छाती धडधडते, घाम फुटतो. रात्री तो ओरडत उठतो. पंप दिसला की वाट बदलतो, घरातल्यांवर उखडतो. हे महिनाभराहून जास्त चाललं आणि रोजचं काम अडलं, तर तो आजारच समजावा. याला भित्रेपणा म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

दर वेळी भरती व्हावं लागत नाही. जीव द्यायचे विचार येत असतील, खाणं-झोप तुटली असेल, दारू हाताबाहेर गेली असेल, तर मात्र दवाखान्यात राहणं बरं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणूस स्वतःहून भरती होऊ शकतो आणि सुटीही मागू शकतो. गरज वाटली तर डॉक्टर तपासणीसाठी 24 तास थांबवू शकतात.

भरती झाल्यावर पहिले काही दिवस 'त्या दिवसाबद्दल' कुणी खोदून विचारत नाही. आधी झोप, जेवण, दारू सुटताना होणारा त्रास आवरणं. सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. साध्या आठवणीवर जणू तारीख असते, ती मागे पडते. धसक्याच्या आठवणीवर तारीखच नसते, म्हणून ती आत्ता घडल्यासारखी अंगावर येते. उपचारात रुग्ण डोळे मिटून तो दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. भीती चढते, पण पळ काढला नाही तर हळूहळू उतरते, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळतं. दुसऱ्या एका पद्धतीत आठवण मनात धरून डॉक्टरांच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची असते.

मग पायऱ्या. आधी पंपाचं चित्र. मग धुतलेला, रिकामा पंप अंगणात. मग फवारणी नसलेल्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर कुणासोबत तरी उभं राहणं. विषाजवळ मात्र कुठल्याच पायरीवर न्यायचं नसतं.

माझ्या मते सगळ्यात अवघड दिवस सुटीचा. वॉर्डात तो वास नव्हता, गावात आहे. म्हणून पुढची तपासणी फवारणीच्या हंगामाआधीच ठरवून घ्यावी. शेतकऱ्यांसाठी 2015 साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंना घरोघरी जाऊन ताणाची चौकशी करायचं काम दिलं आहे. त्यांना सांगून ठेवावं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा फोन रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

घरच्यांनाही एक गोष्ट शिकवतात. तो दचकून उठला तर धरून हलवायचं नाही. दिवा लावायचा, थोडं लांब बसून हळू आवाजात बोलायचं: 'अहो, आपण घरीच आहोत. आज सोमवार आहे. पोरं झोपली आहेत, बघा.'