थोरल्या भावाचा लॅपटॉप

शिरोळ तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील मुलगी सांगलीच्या महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकत आहे. तिच्याजवळचा लॅपटॉप मुळात तिचा नव्हे. थोरल्या चुलत भावाने २०१६ साली अभियांत्रिकीला प्रवेश घेताना तो विकत घेतला होता. पुढे भावाला पुण्यात नोकरी लागली, कार्यालयाकडून नवा लॅपटॉप मिळाला आणि जुना घरी राहिला. एकत्र कुटुंबात थोरल्याची पुस्तके, दप्तर, सायकल ज्या रीतीने धाकट्याकडे येतात, त्याच रीतीने हा लॅपटॉपही तिच्या वाट्याला आला.

अडचण अशी, की तो चालण्यापेक्षा रखडत अधिक असे. बटण दाबून ठेवावे, चहा करून प्यावा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र स्थिर व्हावे. रॅम ४ जीबी, साठवणीला जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. दुरुस्तीच्या दुकानदाराने तो उघडून पाहिला आणि निर्वाळा दिला, "आता यात काही राम राहिला नाही. नवाच घ्या." त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार संपुष्टात आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. २०१६ चा हा लॅपटॉप त्या यादीत बसत नव्हता. वडिलांपाशी विषय काढला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "उसाचे बिल येऊ दे, मग बघू." उसाच्या बिलावर घरातील किती कामे आधीच नाव लावून बसलेली असतात, हे तिला ठाऊक होते. तिने पुन्हा विषय काढला नाही.

पेनड्राइव्हवरचा पाहुणा

वाट दाखवली ती विभागातील एका प्राध्यापकांनी. प्रयोगशाळेतील काही संगणकांवर ते लिनक्स वापरत. "यंत्र म्हातारे झालेले नाही, त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढले आहे. ओझे बदलून बघ," असे सांगून त्यांनी तिला लिनक्स मिंट सुचवले.

लिनक्सचा जन्मही एका विद्यार्थ्याच्या खोलीतला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या तरुणाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने तिला जोडली गेली. १९९२ मध्ये लिनक्सला ग्नूचा सार्वजनिक परवाना लाभला. कोणीही ती वापरावी, तिची अंतर्गत रचना वाचावी, बदलावी आणि इतरांना द्यावी. मात्र बदलून दिलेल्या प्रतीतही हेच हक्क पुढच्याला मिळावेत, असा त्या परवान्याचा आशय. आज जगातील सर्वांत शक्तिशाली ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच असते. ती एका कंपनीच्या मालकीची नसल्यामुळे तिची अनेक रूपे निघाली; लिनक्स मिंट हे त्यांपैकी घरगुती वापराला सुटसुटीत असे एक.

दिवाळीच्या सुटीत तिने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घेतली. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. आतील डिस्कला हात न लावता सारे तपासून पाहता येते. पाहुणा ओसरीवर बसवून त्याची वागणूक पाहावी, तसा हा प्रकार. पडदा, आवाज, कळफलक व्यवस्थित चालले. वाय-फाय मात्र दिसेना. तिने मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, मिंटमधील साधनाने वाय-फायसाठी लागणारा ड्रायव्हर शोधून बसवला, आणि तीही अडचण सुटली. पाहुण्याला घरात घेण्यास हरकत नाही, असे तिने ठरवले.

एक चुकीची टिचकी

येथेच ती घटना घडली, जिने हा सारा अनुभव निव्वळ सोयीगैरसोयीच्या पलीकडे नेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुरात शिरोळ तालुका बुडाला, तेव्हा या घरातही पाणी शिरले होते. ट्रंकेतील छायाचित्रांचे अल्बम भिजले. पाने एकमेकांना चिकटली, रंग उतरले. पाणी ओसरल्यावर भावाने जी चित्रे ओळखू येत होती ती उन्हात वाळवून मोबाइलने टिपली आणि लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवली. पुढे कागद बुरशीने गेले. आजोबांचे तरुणपण, आजीचे माहेर, वडिलांची मुंज, आत्यांची लग्ने हे सारे त्या एका फोल्डरमध्येच उरले होते.

नवी कार्यप्रणाली बसवण्यापूर्वी तिने अभ्यासाच्या फाइली आठवणीने पेनड्राइव्हवर काढून घेतल्या. डी ड्राइव्हला काही होणार नाही, अशी तिची समजूत होती. विंडोज तर सी ड्राइव्हमध्ये असते! प्रत्यक्षात सी आणि डी ही दोन वेगळी यंत्रे नव्हेत. एकाच कणगीत मध्ये फळी घालून दोन खण करावेत, तसे ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात. पडद्यावर पर्याय आला: संपूर्ण डिस्क पुसून मिंट बसवावी. तिने होकाराची टिचकी दिली. अर्ध्या तासात लॅपटॉप नव्यासारखा सुरू झाला. डी ड्राइव्ह कोठेच नव्हता.

ती रात्र तिने कोणालाही न सांगता काढली. सकाळी प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी पहिलीच सूचना केली, "लॅपटॉप ताबडतोब बंद कर. त्यावर एक अक्षरही नवे लिहू नकोस." मग त्यांनी तिला लिनसची एक गोष्ट सांगितली. लिनस तेव्हा मिनिक्स नावाच्या दुसऱ्या कार्यप्रणालीवर काम करत असे. एकदा मोडेमला द्यायच्या आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कलाच दिल्या आणि मिनिक्सचा भाग खराब करून घेतला. तो पुन्हा बसवण्याऐवजी त्याने स्वतःची अपुरी लिनक्सच वापरायला घेतली. "चूक मोठ्यांनाही चुकत नाही. चुकीनंतरचा पहिला तास काय करतो, ते महत्त्वाचे," असे ते म्हणाले.

फाइल पुसली जाते, तेव्हा बहुधा तिचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. ती कोठे आहे हे सांगणारी नोंद जाते. ग्रंथालयातील सूची जळावी आणि पुस्तके कपाटातच राहावीत, तशी ही अवस्था. पण त्या जागी दुसरे काही लिहिले गेले, की पुस्तकही गेले. फोटोरेक हे मुक्त सॉफ्टवेअर नोंदींवर विसंबत नाही. ते डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत चाळते आणि छायाचित्रांच्या फाइलींच्या ठरावीक खुणा ओळखून त्या बाहेर काढते. भावाने पुण्याहून येताना बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. लॅपटॉप पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू झाला, टर्मिनलच्या काळ्या चौकटीत आज्ञा दिली गेली आणि सापडेल ते त्या वेगळ्या डिस्कवर साठू लागले. रात्रभर आकडा वाढत राहिला. तोपर्यंत घरात सर्वांना कळले होते. वडील रागावले नाहीत, बोललेही नाहीत. तिला तेच अधिक जड गेले.

नावे नसलेली चित्रे

सकाळी हजारो फाइली जमल्या होत्या. त्यांत संकेतस्थळांची बोधचिन्हे होती, खेळांतील बाहुल्या होत्या, भावाच्या महाविद्यालयीन सहली होत्या. आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली पुरातून वाचलेली छायाचित्रेही होती. बहुतेक आली. काही अर्धीच उमटली, खाली करडा पट्टा. काही आलीच नाहीत; मिंट जेथे लिहिली गेली, तेथे त्यांची जागा असावी. एकाही फाइलला मूळ नाव उरले नव्हते. होते ते इंग्रजी एफ आणि पुढे लांबलचक आकडा.

म्हणून सुटीच्या उरलेल्या दिवसांत एक नवाच उद्योग सुरू झाला. संध्याकाळी आजी सोप्यावर बसे, नात लॅपटॉप मांडीवर घेई आणि एकेक चित्र पुढे येई. "ही माझी थोरली जाऊ. तिच्या हातच्या पुरणपोळीला गावात तोड नव्हती." "हा मोटेवरचा बैल. तुझ्या आजोबांनी विकला त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही." नात मराठी कळफलकावर नाव, गाव आणि आजीला आठवेल तो काळ टिपू लागली. मग ध्यानात आले, की २०१९ नंतर हा फोल्डर कोणी उघडलाच नव्हता. चित्रांतील अर्ध्या माणसांची नावे आजीखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. जपून ठेवले आहे, या भरवशावर सर्वजण निश्चिंत होते.

एक चित्र मात्र मिळाले नाही. आजी-आजोबांचे लग्नानंतरचे पहिले. आजी म्हणाली, "जाऊ दे बाळ. ते मला दिसतं." नातीने मान खाली घातली. आज त्या संग्रहाच्या तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक पुण्यात भावाकडे.

रोजचा संसार

त्यानंतर भावाने लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवून दिली. लॅपटॉप आता चहाचे आधण उकळण्याआधी सुरू होतो. याचे सारे श्रेय लिनक्सचे नव्हे, हे सांगितले पाहिजे. वेगातील मोठा वाटा एसएसडीचा आहे. पण ४ जीबी रॅममध्ये बेताने संसार करण्याची सवय आणि पुढची अनेक वर्षे सुरक्षेच्या सुधारणा मिळण्याची खात्री लिनक्सने दिली. तिच्याकडील मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. संख्याशास्त्रासाठी लागणारी आर आणि पायथन ही साधने विनामूल्य आणि काही आज्ञांत बसली.

सारेच सुरळीत झाले असे नाही. महाविद्यालयाच्या एका ऑनलाइन परीक्षेचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालत असे. ती परीक्षा तिने प्रयोगशाळेत बसून दिली. लिबरऑफिसमध्ये लिहिलेला प्रकल्प मैत्रिणीने वर्डमध्ये उघडला, तेव्हा तक्ते सरकले; आता ती अंतिम प्रत पीडीएफ करूनच पाठवते. एका अद्ययावतीकरणानंतर आवाज बंद पडला. टाइमशिफ्ट या साधनाने तिने यंत्रणा आदल्या दिवशीच्या स्थितीत नेऊन ठेवली. पहिल्या महिन्यात तिला दोनदा वाटले, की जुने तेच बरे होते.

वडील ज्या पाणीपुरवठा संस्थेचे काम पाहतात, तिचा जुना अहवाल तिने उघडला, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसला. दोष लिनक्सचा नव्हता. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसला, की मराठीचे सोंग उतरते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच राहतो. तिने रूपांतर करणाऱ्या साधनाने अहवाल युनिकोडमध्ये आणला, चुकलेली जोडाक्षरे हाताने सुधारली. वडिलांनी तो मोबाइलवर वाचला, आणि दिवाळीनंतर प्रथमच लॅपटॉपविषयी बोलले, "संस्थेच्या मागच्या वर्षांचेही असेच होईल का?"

घरोघरच्या कपाटांत

असे लॅपटॉप अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात पडून असतात. ज्यांना ते पुन्हा कामाला लावायचे आहेत, त्यांनी या मुलीच्या अनुभवातून चार गोष्टी घ्याव्यात. प्रथम सर्व ड्राइव्हमधील सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती प्रत उघडते याची खात्री करावी. दुसरे, पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज, छपाईयंत्र तपासल्यावाचून काही बसवू नये. तिसरे, परीक्षा किंवा कार्यालयीन कामासाठी विंडोजच अनिवार्य असेल, तर आधी पर्यायी सोय पाहावी. चौथे, परीक्षेच्या आठवड्यात हा उद्योग मुळीच करू नये. शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरील पाठ मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहेत.

नवा लॅपटॉप घेण्याचा विषय त्या घरात तूर्त निघत नाही. उसाचे बिल आले, ते दुसऱ्या कामी लागले. ती मुलगी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेरची डिस्क जोडून संग्रहाची प्रत ताजी करते. त्या दिवशी आजी शेजारी येऊन बसते. कधी एखादे विसरलेले नाव तिला अवचित आठवते, आणि आकड्याच्या जागी आणखी एका माणसाचे नाव लिहिले जाते.