गिटारच्या फ्रेटबोर्डची निगा

गिटारच्या जुन्या तारा काढल्या की फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांना लागून काळपट, चिकट थर दिसतो. तो असतो बोटांच्या घामाचा, तेलकटपणाचा. साफसफाईची योग्य वेळ हीच.

आधी लाकूड ओळखा. शिसव आणि एबनी बहुधा उघडे असतात. मेपलवर सहसा लॅकर असते, त्यामुळे तेल आत मुरतच नाही. त्याला किंचित ओलसर मऊ कापड पुरे. शिसवीवरचा थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, फ्रेटला समांतर, हलक्या हाताने खरवडावा. उरलेला मळ ‘0000’ क्रमांकाच्या, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूलने निघतो. पण गिटार इलेक्ट्रिक असेल तर पिकअप आधी चिकटपट्टीने झाकाच. पिकअपमध्ये चुंबक असतात. स्टीलचा चुरा त्यांना एकदा चिकटला की निघता निघत नाही. भांड्यांची तारेची घासणी तर अजिबात नको, फ्रेटवर ओरखडे उठतात.

मग तेल. दुकानातल्या ‘लेमन ऑइल’मध्ये बहुतेक वेळा खनिज तेलच असते, लिंबाचा नुसता वास. ते चालते. कापडावर दोन-चार थेंब घेऊन पातळ हात फिरवावा आणि पाचेक मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळे पुसून घ्यावे. घरातले शेंगदाणा तेल वापरू नका. कालांतराने ते खवट होते.

वर्षातून एक-दोनदा एवढे पुरते. रोज मात्र हात धुऊनच गिटार हातात घ्या.