बर्फाचा कृष्णधवल फोटो: काय वगळायचं ते आधी ठरवा

मायकेल केन्ना या ब्रिटिश छायाचित्रकाराचे जपानमधल्या होक्काइदोचे फोटो पाहिलेत का? नसतील तर आजच शोधा! चौरस फ्रेम, कुशारो तलावाकाठचं एकच झुकलेलं झाड, बाकी सगळी मोकळी जागा. बर्फात कुंपण, ओढा, झाडांची रांग या काळ्या रेषा आपोआप उठून दिसतात. माझ्या मते त्यातली एकच निवडावी.

तिरप्या उन्हात वाऱ्याने बर्फावर पाडलेल्या लाटाही सावल्यांसकट उमटतात. ढगाळ हवेत जमीन-आकाश एक होतं, तेही सुंदरच. कॅमेऱ्याचा मीटर मात्र पांढऱ्या बर्फाला करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +1 ते +2 स्टॉप ठेवा. आणि फ्रेम पक्की होईपर्यंत समोरच्या कोऱ्या बर्फात पाऊल टाकू नका.