गाठीवरचा रंग

जांब समर्थ म्हटले की आठवतात ते १६०८ साली तिथे जन्मलेले रामदास. पण घनसावंगी तालुक्यातल्या या गावची एखादी बाई छातीतली गाठ दाखवायला छत्रपती संभाजीनगरला जाते, तेव्हा घरच्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर वेगळेच नाव असते : हर-टू.

हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. 'वाढ' हा निरोप ते आत पोचवते. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पंधरा-वीसांत त्याची गर्दी होते आणि निरोप थांबतच नाही.

ही गर्दी मोजायची कशी? गाठीच्या तुकड्यावर प्रतिपिंड सोडतात. ते हर-टूलाच चिकटते, रंग उमटतो. गुण शून्य ते तीन. तीन म्हणजे होकार. दोन म्हणजे जनुकाची आणखी एक तपासणी, अन् घरच्यांची आणखी काही दिवस घालमेल.

रक्तात सुटलेला हर-टूचा तुकडा मोजायचा, तर एलायझा. एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी १९७१ साली स्टॉकहोममध्ये ही रीत मांडली. इवल्याशा वाटीच्या तळाशी एक प्रतिपिंड, वरून दुसरे. दोघांनी पकडले तरच रंग येतो. बँकेत उमर गेलेल्या मला दोन किल्ल्यांचा लॉकरच आठवतो! रंग गडद, तितके प्रथिन जास्त. औषधाचा निर्णय मात्र गाठीवरूनच होतो.

ते औषध, ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेत १९९८ साली आले. भारतात त्याचा स्वस्त देशी पर्याय २०१४ पासून मिळतो. तरी बहुधा वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, शहर गाठायचे. कापूस वेचणीच्या दिवसांतही.