गरजेची गोष्ट आणि साधनाची माहितीपुस्तिका

शासकीय कामासाठी संगणकाची आज्ञावली तयार करावयाची असते तेव्हा दोन व्यक्तींची गाठ पडते. एकीला काम ठाऊक असते, परंतु ते संगणकाच्या भाषेत कसे मांडावे हे ठाऊक नसते. दुसरीला संगणक ठाऊक असतो, परंतु काम ठाऊक नसते. या दोघींमध्ये गरज नीट पोहोचली नाही, तर त्याचा भार अखेर नागरिकावर पडतो. ही गरज पोहोचविण्यासाठी ‘यूजर स्टोरी’, म्हणजे वापरणाऱ्याची गोष्ट, लिहिण्याची रीत रूढ झाली. आता अशा गोष्टी लिहून देणारी संगणकीय साधनेही निघाली आहेत.

कार्डावरची गोष्ट

या रीतीचा उगम अमेरिकेत झाला. १९९६ च्या सुमारास क्रायसलर या मोटार कंपनीच्या वेतनपटाची आज्ञावली तयार होत असताना केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरजांची जाडजूड कागदपत्रे बाजूला ठेवून लहान कार्डांवर एकेक गरज लिहिण्यास प्रारंभ केला. २००१ च्या फेब्रुवारीत यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा काढला. थोडे काम करावे, ते वापरणाऱ्यास दाखवावे आणि त्याच्या सूचनेप्रमाणे पुढे जावे, हे या पद्धतीचे सार होय.

गोष्टीचा साचा सोपा आहे : मी कोण, मला काय हवे आणि कशासाठी हवे. त्याच वर्षी रॉन जेफ्रीज यांनी गोष्टीची तीन अंगे सांगितली : कार्ड, संभाषण आणि खातरजमा. यांपैकी संभाषण हे मुख्य अंग होय. कार्ड हे केवळ त्या संभाषणाची आठवण देणारे टिपण असते.

यंत्राने लिहिलेली गोष्ट

गोष्टी लिहून देणारी नवी साधने भाषिक प्रतिमानांवर चालतात. अफाट मजकुरातून शिकलेले असे प्रतिमान दोन ओळींची गरज वाचून साच्यातील गोष्ट आणि खातरजमेच्या अटी काही क्षणांत लिहून देते.

एक उदाहरण पाहू. सातबाऱ्यातील गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. पूर्वी ही नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याला ती स्वतः मोबाइलवरून करता येऊ लागली. अशा कामाविषयी साधनास एवढेच सांगितले की, ‘शेतकऱ्याला पिकाची नोंद मोबाइलवर करता यावी’, तर ते लिहील : ‘शेतकरी म्हणून मला माझ्या पिकाची नोंद मोबाइलवरून करावयाची आहे, म्हणजे ती माझ्या सातबाऱ्यावर येईल.’ वाक्य निर्दोष आहे. परंतु जमीन सामाईक असेल तर नोंद कोणी करावी? तुरीत सोयाबीन असेल तर क्षेत्र कसे विभागावे? बांधावर मोबाइलला संपर्कच मिळत नसेल तर? ज्या वृद्ध खातेदाराजवळ मोबाइल नाही त्याने काय करावे? हे प्रश्न शेतकऱ्याला आणि गावातील महसूल कर्मचाऱ्याला सुचतात. साधन मात्र माहिती नसलेली जागा संभाव्य वाटणाऱ्या शब्दांनी भरून काढू शकते, आणि तयार मजकूर नीटनेटका असल्यामुळे ही उणीव ध्यानात येत नाही.

माहितीपुस्तिकेत काय असावे

म्हणूनच अशा साधनाची माहितीपुस्तिका केवळ कोणते बटण दाबावे एवढे सांगून थांबता कामा नये. तिच्यात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात :

१. साधनास कोणती माहिती पुरवावी. चांगल्या आणि अपुऱ्या माहितीचे एकेक उदाहरण, त्यापासून मिळालेल्या गोष्टींसह द्यावे.

२. साधनास काय ठाऊक नसते. स्थानिक नियम, शासन निर्णय आणि कचेरीतील प्रघात पुरविल्याखेरीज ते त्यास कळतात, असे गृहीत धरू नये.

३. एकच गरज दोनदा सांगितल्यास दोन निराळ्या गोष्टी मिळू शकतात, ही सूचना.

४. नागरिकांची नावे, आधार क्रमांक यांसारखी माहिती साधनात भरू नये, हा इशारा.

५. प्रत्येक गोष्ट कोणी, कोणाशी बोलून आणि कोणत्या दिवशी तपासली, याची नोंद कशी ठेवावी.

६. साधनाची आवृत्ती आणि तीत झालेले बदल.

यांपैकी पाचवी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. साधनाने लिहिलेली गोष्ट हा मसुदा होय. ती वापरणाऱ्याला वाचून दाखविल्यावरच तिला मान्यता मिळावी.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर नव्या आज्ञावलीचा मसुदा येईल तेव्हा त्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही गोष्ट ज्याच्या नावाने लिहिली आहे, त्याला ती कोणी विचारली? आणि ज्याला ही सोय वापरता येणार नाही, त्याची गोष्ट कोठे आहे? कार्ड लिहिण्याचे श्रम यंत्राने वाचविले आहेत. तो वाचलेला वेळ गावात जाऊन लोकांशी बोलण्यात खर्च झाला, तरच या साधनाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.