एक्स-रे काढून आल्यावर अंगात काय उरतं?

एक्स-रे काढला म्हणून बाळंतिणीनं दोन दिवस बाळाला अंगावर पाजू नये, असं सांगणारी वडीलधारी माणसं अजून भेटतात. यात तथ्य नाही. यंत्र बंद झालं की क्ष-किरण संपतात. ते शरीरात साठत नाहीत, दुधात उतरत नाहीत. बोन स्कॅन किंवा पेट स्कॅनची गोष्ट वेगळी. तिथे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि ते काही तास शरीरात राहतं. बोन स्कॅनमधल्या टेक्नेशियमचा किरणोत्सार दर 6 तासांनी निम्मा होतो. अशा वेळी दूध पाजण्याबद्दल तिथले डॉक्टर जे सांगतील ते पाळावं.

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. एकीत ध्वनिलहरी, दुसरीत चुंबक आणि रेडिओलहरी.

खरा गोंधळ आकड्यांचा. मे 2021मध्ये, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे-चारशे एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं आक्षेप घेतला: नव्या यंत्रांवर, अतिकमी मात्रेत, ते पाच-दहा एक्स-रेंइतकंच. छातीच्या एक्स-रेची मात्रा 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्ट धरतात, नेहमीच्या छातीच्या सीटीची 5 ते 7. कुठला एक्स-रे आणि कुठला सीटी धरला, यावर उत्तर एवढं बदलतं. पण डॉ. गुलेरियांचा मूळ मुद्दा मला पटतो. सौम्य आजारात, उपचार बदलणार नसताना, घाबरून सीटी काढू नये. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच, त्यामुळे एका एक्स-रेची भीती बाळगून क्षयाचं निदान लांबवणं फार महाग पडतं. सीटीमुळे पुढे कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते असं धरूनच डॉक्टर चालतात, लहान मुलांत तर अधिक जपून. डोक्याला जबर मार लागून मूल उलट्या करत असेल, तर मात्र तो सीटी टाळणंच धोक्याचं.

सर्वांत मोठं नुकसान गरोदरपणाबद्दलच्या गैरसमजानं होतं. दिवस गेलेत हे कळण्याआधी एक्स-रे निघाला, म्हणून गर्भपाताचा विचार करणाऱ्या बायका आहेत. छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत 0.01 मिलिग्रेपेक्षाही कमी मात्रा पोचते. 100 मिलिग्रेच्या खाली केवळ या कारणासाठी गर्भपात करू नये, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाचं मत आहे. पोटाचा सीटी झाला असेल, तरी मात्रा बहुधा या मर्यादेच्या बरीच खाली असते. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, मात्रेचा हिशेब करून घ्या.