छातीत कळ आली तर सोडा पिऊन झोपू नका! हृदयाची मोटर कशी चालते, समजून घ्या

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शेतीला रात्रीची लाईट होती. माझा चुलत भाऊ कांद्याला पाणी द्यायला गेला होता. अकराच्या सुमारास त्याची छाती आवळल्यासारखी झाली, थंडीतही दरदरून घाम फुटला. घरी येऊन म्हणाला, "पित्त झालंय." सोडा प्याला, ओवा चावला आणि झोपला. सकाळी दवाखान्यात ईसीजी काढला तेव्हा कळलं, हार्ट अटॅक रात्रीच आला होता. जीव वाचला, पण आता घरापासून विहिरीपर्यंत चाललं तरी त्याला दम लागतो.

हे असं का झालं, ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा मांसाचा पंप. खरं तर एकात दोन पंप. उजवी बाजू अंगातून आलेलं रक्त फुफ्फुसात पाठवते, तिथं त्यात ऑक्सिजन मिसळतो. डावी बाजू ते ताजं रक्त सगळ्या अंगाला पुरवते. रक्त मागं फिरू नये म्हणून आत चार झडपा असतात, आपल्या पाइपलाइनच्या एनआरव्ही वॉलसारख्या. मिनिटाला साधारण ७० ठोके, म्हणजे दिवसाला एक लाख. मिनिटाला पाच लिटर धरलं तर दिवसाला सात हजार लिटर रक्त फिरवलं जातं. या मोटरला लोडशेडिंग नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पंपातून कितीही पाणी जाऊ द्या, मोटर चालते ती केबलमधून येणाऱ्या विजेवर. हृदयाचंही तसंच. आतून एवढं रक्त जातं, पण हृदयाच्या मांसाला स्वतःचं रक्त मिळतं ते त्याच्यावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. त्यांत वर्षानुवर्षं चरबी साचते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. त्यापुढचं मांस मिनिटामिनिटाला मरायला लागतं.

ओळखायचं कसं?

छातीच्या मधोमध दाब किंवा जळजळ, कळ डाव्या हाताला, जबड्याला, पाठीला जाणं, घाम, मळमळ, दम लागणं. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, थकवा येतो. पित्त की अटॅक, हे घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून ईसीजी काढायचाच. पहिला चांगला आला तरी त्रास चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, तो पुन्हा काढावा लागतो.

करायचं काय?

लगेच १०८ ला फोन लावा. माणसाला बसवा, चालवू नका. त्यानं स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका फायदा जास्त. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. खर्चाच्या भीतीनं थांबू नका. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे.

आधीच काय जपायचं?

तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी बंद. "मी ओढत नाही, नुसती मळतो" म्हणून सुटका नाही. मीठ दिवसाला माणशी चहाचा एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाणही धरा. वय ३० च्या पुढं गेलं की बीपी आणि शुगर तपासा. उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करू नका.

मंडळी, आपली मोटर जळाली तर तालुक्याला नेऊन रिवाइंडिंग करून आणता येते. हृदयाचं मेलेलं मांस मात्र परत जिवंत होत नाही. माझ्या भावानं सकाळची वाट बघितली, तुम्ही बघू नका.